काळ्यातलं पांढरं

१

जाड अक्षर काढणं म्हणजे काळं काढणं, असं बघणाऱ्याला वाटतं. काळं कुणीही काढतं. कुंचला दाबला की काळं येतं. आमचं काम पांढरं राखण्याचं. अक्षराच्या पोटात जी बंदिस्त मोकळी जागा असते, तिला आम्ही डोळा म्हणतो. तो नीट राखला तर अक्षर वाचता येतं. अक्षर जितकं जाड, तितका डोळा बुजायची भीती जास्त.

अलेक्झांड्रियात अत्तारीन भागात माझी कामाची खोली आहे. सकाळी चहाचा ग्लास, खिडकीखाली सांदीतल्या मांजरांची भांडणं, आणि टेबलावर अक्षरं. दुकानांच्या पाट्या, मासिकांचे मथळे, बिस्किटांचे पुडे. लांबून दिसावीत अशी ठळक अक्षरं हवी असली की लोक माझ्याकडे येतात. माझं नाव इनास. मी एकटी राहते आणि मला ते आवडतं.

माझी धाकटी बहीण शहीरा गाते. लग्नांत गायली, हॉटेलांत गायली, आणि चाळिशीत येऊन म्हणाली, आता लोकांनी जेवता जेवता ऐकलेलं मला खपणार नाही. माझ्याच गल्लीत एका जुन्या इमारतीचा वरचा मजला तिने घेतला आणि गाण्याचा वर्ग काढला. नाव ठेवलं 'सोत'. आमच्या भाषेत सोत म्हणजे आवाज.

"इनू, मला पाटी नको," ती म्हणाली. "भिंत हवी. अख्खी भिंत. दारातून माणूस आत आला की अक्षरं त्याच्या छातीवर आदळली पाहिजेत."

"छातीवर आदळायला खाली ट्राम आहे."

"थट्टा करू नकोस. जाड हवीत. तुझ्यासारखी."

"माझ्यासारखी म्हणजे गं?"

"म्हणजे ठाम," असं म्हणून ती तोंडावर हात ठेवून हसत सुटली. तिचं हसू जिन्यातून पार खालपर्यंत जायचं. खालचा खाटीक वर बघून म्हणायचा, मिस शहीराचा वर्ग सुरू झाला वाटतं.

मी तो हिवाळा त्या अक्षरांत घातला. समुद्रावरची वादळं एकामागून एक येऊन गेली, खिडकीच्या फटीत मी चिंध्या कोंबल्या, आणि माझा सगळ्यात जाड अक्षरसंच तयार झाला. त्याला नाव दिलं 'सकील', म्हणजे वजनदार. शहीराच्या शब्दात तीन अक्षरं होती. पहिलं साद, त्याचा डोळा बदामासारखा आडवा. मधलं वाव, गोल डोक्याचं, त्यात गोल डोळा आणि खाली वळलेली शेपूट. शेवटचं अक्षर 'ते', एखाद्या पडावासारखं, वर दोन टिंबं.

भिंत रंगवायला उस्ता बहिग आला. आमच्याकडे मुरलेल्या कारागिराला उस्ता म्हणतात, आणि बाईला मानाने सित्त. बहिगने माझा कागद भिंतीला लावला, मागे सरकला आणि डोकं खाजवलं.

"सित्त इनास, हे अक्षर आहे की म्हैस?"

"म्हैस तर म्हैस. तिचा डोळा तेवढा सांभाळ."

त्याने काम पुरं केलं तेव्हा मी शिडीवर चढले आणि दोन्ही तळहात शेजारीशेजारी वावाच्या डोळ्यात टेकवले. बरोबर मावले. कडेला जराशी जागाही उरली. माझी ही जुनी सवय आहे. पट्टीपेक्षा मी हाताने मापते.

२

काही आठवड्यांनी मी दुपारी कलेजीची गरम सँडविचेस घेऊन वर गेले. वर्ग सुटला होता. शहीरा बाकावर पाय पसरून बसली होती. मी भिंतीकडे बघितलं आणि घास तोंडातच राहिला.

साद डोळा मिचकावतंय असं वाटलं.

दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. आपल्या मुलाचा चेहरा उतरला की आईला जसं दारातूनच कळतं, तसं ते होतं. मी शिडी ओढली आणि वावाच्या डोळ्यावर हात टेकवले. डावा पांढऱ्यावर होता. उजव्याची बोटं काळ्यावर आली होती.

बहिगला बोलावून घेतलं.

"तू परत हात मारलास याच्यावर?"

"मी कशाला मारू? मला दुसरे उद्योग नाहीत?"

"काळं वाढलंय."

"भिंत ओल धरते, सित्त. रंग फुगतो." मग त्याने माझा मूळ कागद आणून भिंतीला लावला. "हे बघ. तुझ्याच कागदाबरहुकूम आहे. केसभर फरक नाही."

फरक नव्हताच. कागदातला डोळाही तेवढाच होता. मी घरी जाऊन संगणकावरचं मूळ अक्षर उघडलं. तेही तसंच होतं. आकडे जे होते तेच होते. म्हणजे चूक माझी. शिडीवर चढून दोन्ही हात मावले होते ही आठवणच खोटी. थंडीत बोटं आखडतात, माणूस वाकडा उभा राहतो. मी स्वतःला असं बरंच काही समजावलं. जाड काळ्याच्या शेजारचं पांढरं डोळ्याला लहान दिसतं, हे तर आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण.

पण हात डोळ्याने मापत नाही.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. तेलाचा कागद चुरगाळून मी टाळी वाजवावी तसे हात झटकले, आणि आवाज जागच्या जागी पडला. ती रिकामी, उंच छताची खोली होती. पहिल्या दिवशी तिथे खोकलं तरी चारी भिंती उत्तर द्यायच्या.

"हॉल आता किती छान बसलाय बघ," शहीरा खूश होऊन म्हणाली. "घुमत नाही अजिबात. सूर कसा स्वच्छ येतो."

"इतक्यात बसला? पडदे लावलेस?"

"नाही गं. माणसं येऊन गेली की खोली बसतेच."

३

मी सकील पुन्हा काढला. डोळे मोठे केले, इतके मोठे की कागदावर ते वेडगळ दिसत होते. बहिगने कुरकुरत भिंत दुरुस्त केली. मी तळहात टेकवले, वर आणखी चार बोटं जागा ठेवली. आठवडा जायच्या आत तिथे एकच हात मावत होता.

बहिग या खेपेला ओल म्हणाला नाही. खिशातून सिगारेट काढली, न पेटवताच परत ठेवली.

"सित्त, या भिंतीपलीकडे काय आहे?"

"तुला माहीत आहे. काही नाही. खाली मासळीवाल्याचं बैठं दुकान आहे, वर नुसतं आकाश. शेजारच्या गच्चीवरून कबुतरं उडतात ती."

"हं," तो म्हणाला. "मी रंगवताना कान लावला होता. कबुतरं ऐकू आली नाहीत."

शहीराचा घसा तोवर बसला होता. आधी तिने लिंबू घेतलं, मग बडीशेपेचा काढा, मग डॉक्टर. डॉक्टरने नळी घालून आत बघितलं आणि म्हणाला, घसा लहान मुलीसारखा स्वच्छ आहे, विश्रांती घ्या. तिच्या वर्गातल्या दोघीतिघींचं तेच झालं. गंमत अशी की वर्गाबाहेर जिन्यात त्यांचे आवाज जरा मोकळे व्हायचे. हॉलमध्ये पाऊल ठेवलं की उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखे.

"वर्ग काही दिवस बंद ठेव," मी म्हणाले.

"आता? शम्म अन्नसीमला कार्यक्रम आहे." वसंतातल्या त्या सणाला अख्खं शहर खारवलेले मासे आणि कांद्याची पात बांधून समुद्रावर जातं, आणि शहीराने त्याच दुपारी हॉलमध्ये आपल्या शिष्यांचं गाणं ठेवलं होतं. "माझा पहिला कार्यक्रम आहे, इनू. मी शेवटी गाणार आहे. एकटी. लोक जेवत नसताना."

"या आवाजात?"

"आवाज येईल."

"आणि नाही आला तर?"

तिने माझ्याकडे बघितलं. घोगऱ्या, विझत चाललेल्या आवाजात म्हणाली, "मला दुसरं काही येतं का?"

मी मनात म्हटलं, ही अक्षरं मी काढली आहेत. यांच्या अंगात जे काही शिरलं आहे ते माझ्या हातून शिरलं आहे. याचा निकाल लावल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. काय झालं ते कळो न कळो.

४

कार्यक्रमाची पोस्टरं सकीलमध्येच छापली होती आणि ट्रामच्या थांब्यांवर लागलीही होती. मी दुपारी ट्रामने ती बघायला निघाले.

कॅम्प शिझारच्या थांब्यावर ट्राम थांबली. मी उतरले आणि वाटलं की कानात दडे बसले. आधी समुद्रावरच्या वाऱ्याला दोष दिला. मग दिसलं की माझ्यासमोर तिळाच्या पावाच्या कड्या विकणारा माणूस मान वर करून ओरडतोय. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, तोंड उघडं, आणि आवाज नाही. एक बाई नवऱ्याला बोट नाचवत झापत होती. नवरा कानात करंगळी फिरवत होता. बाकावरचे दोन म्हातारे एकमेकांच्या ओठांकडे बघत हसत होते, ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटावी तसे. ट्राम माझ्या पाठीमागून गेली. जमीन हादरलेली तळपायाला कळली. चाकं वाजली नाहीत.

सगळ्यांना वाटत होतं की आपल्या एकट्याचेच कान गेले आहेत.

पोस्टर बाकामागच्या लाकडी फळीवर होतं. सोत. सादाचा डोळा केसाएवढी चीर झाला होता. वावाच्या डोक्यात पांढरा ठिपका उरला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

माझ्या पिशवीत कागद कापायची सुरी असतेच. मी बाकावर चढले, ठिपक्यात टोक खुपसलं आणि गोल फिरवलं. कागद चामड्यासारखा चिवट लागला. सुरी पुढे सरकेना. मी दोन्ही हातांनी दाबलं. शेवटी एक चकती निघून खाली पडली, आणि त्याच क्षणी विमान उतरताना कान उघडतात तसे सगळ्यांचे कान उघडले. वारा, भोंगे, कड्यांवाल्याची आरोळी, सगळं एकदम अंगावर आलं.

"...तुझ्या आईला सांगते थांब!" बाईचं वाक्य अर्ध्यातून सुरू झालं आणि ती स्वतःच दचकली.

मग सगळे आधीपेक्षा मोठ्याने बोलायला लागले. एक म्हातारा माझ्यावर खेकसला, "ओ बाई! शिकल्यासवरल्या दिसता आणि पोस्टर फाडता?"

कुणाच्या शिव्या खाऊन मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी ट्रामच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. जिथे पोस्टर दिसलं तिथे उतरले आणि डोळे कापून काढले. संध्याकाळी हाताला फोड आले होते. घरी येऊन संगणकावरचा सकील पुसून टाकला, मूळ कागद मोरीत जाळले. आता राहिली होती भिंत.

५

"पुसून टाकू," बहिग म्हणाला. "दोन हात चुन्याचे. म्हैस गेली, रोग गेला."

मला ते पटलं. शहीराही तयार झाली. तिच्यात आता कुजबुजण्याइतकाच आवाज राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं हॉलमध्ये होतो. बहिगने बादलीत चुना ढवळला आणि वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. काळं झाकलं जात होतं. मला हायसं वाटू लागलं. ब्रश वावाच्या डोक्यावरून गेला आणि उरलेला इवलासा डोळाही चुन्याखाली गेला.

शहीराने माझं मनगट धरलं. ती काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं, कुजबुज ऐकू येत नाही. मग तिने डोळे मोठे केले, गळ्याला हात लावला, आणि सगळा जीव लावून किंचाळली. मला फक्त तिचा श्वास गालाला लागला.

"खरवड!" मी बहिगला म्हणाले, आणि माझाही आवाज मला लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटला. "चुना खरवड, लवकर!"

आम्ही पत्र्यांनी, नखांनी चुना खरवडला. खालून काळं निघालं. डोळा मात्र निघाला नाही. वावाचं डोकं आता भरीव होतं. मी त्यावर कान टेकवला, कबुतरं ऐकू येतात का बघायला.

कबुतरं नव्हती. पलीकडे कुणीतरी गात होतं.

तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ओळखते. म्हणजे ती पाळण्यात होती तेव्हापासून. वरच्या पट्टीत जाताना तो जरासा थरथरतो, मग सरळ होतो. शहीरा माझ्या शेजारी उभी होती, तोंड मिटून, गालावरून पाणी ओघळत. आणि तिचा आवाज भिंतीपलीकडे तिच्याच कार्यक्रमाचं शेवटचं गाणं गात होता. सावकाश, मन लावून. ऐकणारं कुणीतरी समोर आहे म्हटल्यावर गावं तसं.

मी बहिगकडे वळले. "हातोडा आणि छिन्नी दे."

"सित्त इनास, ऐक माझं. खाली उतरू. शेखला नाहीतर पाद्रीबाबाला, कुणाला तरी आणू."

"ते येऊन काय करतील?"

"निदान ते आपल्यापेक्षा..." त्याने भिंतीकडे बोट केलं. "ही तुझी अक्षरं नाहीत आता."

"माझीच आहेत. याचा डोळा बुजला आहे. मी तो उघडणार. माझं कामच ते आहे."

त्याने छिन्नी दिली. शिडी धरून उभा राहिला. हे मात्र त्याचं मानलं पाहिजे, तो पळाला नाही.

भिंत जुन्या विटांची होती. घाव घातला की तुकडे निघायचे, पण घाव वाजायचे नाहीत. मी किती वेळ ठोकत होते सांगता येणार नाही. बाहेर ऊन होतं, हॉलच्या खिडक्यांतून ते जमिनीवर पडलं होतं, आणि त्या लख्ख उजेडात मी आवाज न करता भिंत फोडत होते. शेवटी छिन्नी आत गेली आणि हाताला पोकळ लागलं. मी ती काढली आणि भोकाला डोळा लावला.

तिथे आकाश असायला हवं होतं.

आत उजेड होता, पण दिवसाचा नव्हता. कागदाचा असतो तसा पांढरा, सावली नसलेला. एक लांबट दालन. त्यात बाक. बाकांवर माणसं बसली होती, दाटीवाटीने, पार मागपर्यंत, सगळी या बाजूला तोंड करून. मान किंचित पुढे काढलेली. ऐकताना काढतात तशी.

त्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत, असं मी बहिगला सांगितलं. शहीरालाही तेच सांगितलं. ते खरं नाही. पुढच्या रांगेतले मी पाहिले. इतकंच लिहिते, की त्यांच्यातलं कुणीही कधी गाऊ शकलं नसतं. बोलूही शकलं नसतं. त्यासाठी जे लागतं ते त्यांना नव्हतं.

माझा डोळा भोकाशी आला तसं गाणं थांबलं. सगळ्या माना अगदी थोड्या वळल्या.

६

मी मागे झाले नाही. का ते सांगता येणार नाही. पाय शिडीवर घट्ट रोवलेले होते आणि मनात एकच गोष्ट होती, की भोक बारीक होत होतं. विटांची कड माझ्या भुवईला लागली होती, मघाशी लागत नव्हती.

मी डोळा बाजूला घेतला आणि भोकात हात घातला, मनगटाच्या जरा वरपर्यंत. वीट मनगटाभोवती आवळली. दुखलं. पलीकडे हवा गार आणि कोरडी होती. मी मूठ वळली, म्हणजे हात कुणाला धरता येणार नाही, आणि ओरडले, "शहीरा, वर ये! तोंड लाव इथं! माझ्या हाताच्या बाजूला फट आहे, तिथं!"

ती वर आली. शिडी आम्हा दोघींच्या वजनाने करकरली. तिने गाल माझ्या हाताला टेकवला, ओठ फटीशी नेले आणि आत श्वास ओढला. एखादी व्यक्ती विहिरीतून बाहेर आल्यावर ओढते तसा. माझ्या मुठीजवळून काहीतरी सरकून गेलं, ऊबदार, वाफेसारखं. मग शहीरा खोकली.

खोकला ऐकू आला.

"इनू," ती म्हणाली. "इनू, हात काढ. काढ हात!"

"आधी कानस."

बहिगने खालून कानस दिली. डाव्या हाताने मी विटेची कड घासली, घासली, भोक सैल होईपर्यंत. हात बाहेर आला तेव्हा मनगटाभोवती काळा वळ होता. तो अजून आहे. लोकांना वाटतं मी गोंदवून घेतलं.

बहिग नंतर शेजारच्या गच्चीवर गेला आणि कबुतरांच्या खुराड्यामागून भिंतीची बाहेरची बाजू बघून आला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"काय?" मी विचारलं.

"बाहेरून भोक नाही."

"नीट बघितलंस?"

"हात फिरवून बघितलं. भिंत सलग आहे, सित्त." मग तो म्हणाला, "तुम्ही जागा बदला. मी माझ्या गाढवगाडीतून सामान फुकट नेऊन देतो."

जागा बदलून बघितली. शहीराने तीन गल्ल्यांपलीकडे एका ओळखीच्या घरी तालीम घेतली. पहिल्या दिवशी ठीक होतं. पुढच्या दिवशी तिचा आवाज पुन्हा बसला. मी धावत हॉलवर आले तर भोक करंगळीएवढं झालेलं. घासून मोठं केलं, आणि फोनवर तिचा आवाज माझ्या कानात हळूहळू साफ होत गेला. तेव्हा आम्हाला कळलं की आमची सुटका जागा बदलून होणार नाही.

शम्म अन्नसीमला कार्यक्रम झाला. लोक समुद्रावरून थेट आले, कपड्यांना कांद्याचा आणि खाऱ्या माशांचा वास, बायकांच्या हातात फुलं. भोकावर आम्ही जाळीदार कापड लावलं होतं आणि लोकांनी तो हवेचा झरोका समजून सोडून दिला. शहीरा शेवटी उभी राहिली. एकटी. वरच्या पट्टीत जाताना तिचा आवाज थरथरला आणि मग सरळ झाला. खालचा खाटीक रडला. मी पहिल्या रांगेत बसले होते, पण मी तिच्याकडे बघत नव्हते. कापड बघत होते. ती गात होती तोवर ते सबंध वेळ आत ओढलेलं होतं, श्वास घ्यावा तसं. ती थांबली तेव्हा ते हळूच सैल पडलं.

आमचे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांच्या टाळ्या थांबल्यावर पलीकडे काहीच वाजलं नाही.

७

तेव्हापासून मी रोज सकाळी हॉलवर जाते. चहा घेते, शिडी लावते, कापड काढते आणि कड घासते. रात्रीत जेवढं मिटतं तेवढं सकाळी उघडायचं. दात घासावेत तसं ते माझं झालं आहे. आजारी असले तरी जाते. शहीरा म्हणते, "इनू, किती दिवस?" मी म्हणते, "तू गातेस तेवढे दिवस." तिच्याकडे आता शिष्य वाढले आहेत. ती छान गाते, आधीपेक्षा छान. तिचं हसू परत जिन्यातून खालपर्यंत जातं. मी नवीन अक्षरं काढत नाही. दुकानांच्या पाट्या दुसऱ्या कुणीतरी काढाव्यात.

भोकातून मी पुन्हा बघितलेलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं आहे, आणि ठरवलेलं मी मोडत नाही.

गेल्या आठवड्यात एका सकाळी घासायला गेले तर काम कमी होतं. भोक फारसं मिटलेलं नव्हतं. मला बरं वाटलं. वाटलं, त्याचा जोर ओसरत असेल. पुढच्या दिवशी अजिबात मिटलेलं नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी मी तळहात टेकवला, तेव्हा कडेला जागा उरली.

काल मी कानस लावली, दोन हात मारले आणि सवयीने फुंकर घालायला थांबले.

घासण्याचा आवाज थांबला नाही.

तो पलीकडून येत होता. सावकाश, एका लयीत, घाई नसलेल्या माणसाचा. कडेची विटेची भुकटी माझ्या बाजूला पडत होती, माझ्या बोटांवर. मी कानस हातात धरून ऐकत राहिले. खाली जिन्यात शहीराचा आवाज आला, कुणाशी तरी थट्टा करत ती वर येत होती, मोकळ्या, भरल्या आवाजात.

भोक बुजवलं तर हा आवाज जाणार. उघडं ठेवलं तर ते किती मोठं होणार, आणि त्यातून कोण यायचं आहे, हे मला ठाऊक नाही.

मी पलीकडची लय मोजली आणि दोन घासण्यांच्या मधल्या जागेत कानस घट्ट रोवून धरली, भोकात, आडवी. पलीकडचं घासणं थांबलं. मग कानशीचं दुसरं टोक कुणीतरी धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं, माझ्या हातात किती जोर आहे ते अजमावल्यासारखं.

"इनू, चहा झाला का?" शहीराने दारातून विचारलं.

"झाला," मी म्हणाले. "तू सूर लाव. मी आहे इथं."

आणि मी दुसरा हातही कानशीवर ठेवला.